देवमाशाचा घोटा, तरसाचे भाऊबंद

कातळसडा (धागाकर्ता)

शेजारच्या जंगलवाटांच्या धाग्यावर कुणीतरी तरसाचा झकास फोटो टाकलाय आणि खाली लिहिलंय, ‘रानकुत्र्याचा थोरला भाऊ’. तिथे वाद घातला तर त्या धाग्याचं वाटोळं होईल, म्हणून इथे लिहितो.

तरस कुत्र्याच्या कुळातलं नाही. मांसाहारी सस्तनांच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एकीत कुत्रा, कोल्हा, अस्वल, पाणमांजर. दुसरीत वाघ, मांजर, उदमांजर, मुंगूस. तरस या दुसऱ्या शाखेतलं, आणि तिथेही मांजरापेक्षा मुंगसाच्या जवळचं. कुत्र्यासारखा तोंडवळा आला तो पोटापाण्याच्या धंद्यामुळे: रात्रभर लांब लांब चालायचं, मेलेलं जनावर शोधायचं, हाडं फोडून खायची. अंगकाठीवरून धंदा कळतो, कूळ कळत नाही. मला या धाग्यात एवढंच सांगायचंय. कूळ शोधायचं तर धंद्याशी ज्यांचा संबंध उरलेला नाही अशा बारक्यासारक्या खुणा बघाव्या लागतात.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे देवमासा. त्यातला मोठा भाग आपल्याकडे, कच्छ आणि जम्मूत घडलाय, तरी आपल्याला तो शाळेत कुणी सांगितला नाही.

देवमासा हा मासा नाही, पिल्लाला दूध पाजणारा प्राणी आहे, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण मग जमिनीवरचा त्याचा नातलग कोण? डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत एक अस्वल आणलं होतं. तोंड उघडं ठेवून पोहत किडे टिपणारं अस्वल, आणि पुढे त्यातूनच देवमाशासारखं काहीतरी घडू शकेल अशी कल्पना. लोकांनी एवढी टिंगल केली की पुढच्या आवृत्त्यांत तो भाग छाटला गेला. १८८३ मध्ये विल्यम फ्लॉवर या शरीरशास्त्रज्ञाने खूरवाल्या प्राण्यांकडे बोट दाखवलं. ते बरंचसं बरोबर होतं, पण खूरवाल्यांत नेमकं कोण, हा घोळ पुढे शंभर वर्षं चालला.

१९६६ मध्ये ली व्हॅन व्हॅलेनने मेसोनिकिड नावाच्या नामशेष प्राण्यांची बाजू मांडली. लांडग्यासारखे दिसणारे, पण बोटांना खूर असलेले मांसाहारी. त्यांचे तिकोनी दात आणि जुन्या देवमाशांचे दात इतके मिळतेजुळते की जीवाश्मवाल्यांना दुसरा उमेदवार सुचेना. रक्तातल्या प्रथिनांवर काम करणारे मात्र १९५० पासूनच वेगळं सांगत होते: देवमासा समखुरी प्राण्यांना, म्हणजे गाय, हरीण, डुक्कर, उंट या गोतावळ्याला जवळचा आहे. १९९० च्या दशकात डीएनए आलं आणि त्याने आणखी नेमकं नाव घेतलं, पाणघोडा. हाडंवाले म्हणाले, शक्य नाही. डीएनएवाले म्हणाले, तुमचे दात फसवतायत.

निकाल लावला घोट्याने. समखुरी प्राण्यांच्या मागच्या पायात घोट्याचं एक हाड असतं, त्याला वर आणि खाली अशी दोन्ही टोकांना कप्पी असते. इतर सस्तनांत खालच्या टोकाला अशी कप्पी नसते. जुन्या, पाय असलेल्या देवमाशाचा घोटा सापडला की वाद मिटला, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं, पण घोटा काही सापडत नव्हता. सप्टेंबर २००१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी पाकिस्तानातल्या देवमाशांचे घोटे जवळजवळ एकाच वेळी प्रसिद्ध केले. एक गट हान्स थेविसन यांचा, दुसरा फिलिप गिंगरिच यांचा. गिंगरिच स्वतः मेसोनिकिडच्या बाजूचे होते, आणि त्यांच्याच हातात दोन्ही टोकांना कप्पी असलेलं हाड आलं. त्यांनी तसं लिहून टाकलं.

कच्छ-जम्मूचं पुढच्या प्रतिसादात लिहितो. टंकून बोटं दुखली.

निवांत_पाटील

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खारफुटी

मस्त धागा! वाचनखूण साठवली. तरसावरून आठवलं, तरस शेपटीखालच्या पिशवीतला चिकट वास गवताच्या काड्यांना फासून ठेवतं ना? मुंगसालाही तशीच पिशवी असते. कुत्र्याला वासाच्या ग्रंथी असतात, पण ही भानगड नाही.

एक_शंका

लेख आवडला, पण एक शंका. लेखक म्हणतात, धंद्याशी संबंध नसलेल्या खुणा बघा. घोट्याचं हाड धंद्याशी संबंध नसलेलं कसं? हरणाला ते उड्या मारायला आणि पळायला लागतंच की. दोन पळणाऱ्या प्राण्यांत सारखी कप्पी वेगवेगळी घडू शकत नाही का? दात फसवतात तर घोटा फसवणार नाही याची हमी काय?

कातळसडा

@एक_शंका, मुद्दा बिनतोड आहे. हरणाच्या घोट्यावरून हरणाचं कूळ ठरवायचं असतं तर मीही कचरलो असतो. पण हा घोटा हरणाचा नाही, देवमाशाचा आहे. गिंगरिच यांना सापडलेला रोडोसीटस हा लांब बोटांचा, पोहणारा, किनाऱ्यावर जेमतेम सरपटत येणारा प्राणी. त्याला पळायचंच नव्हतं. पळण्यासाठी घडलेलं हाड न पळणाऱ्याच्या पायात दिसतं, ते वाडवडिलांकडून आलं म्हणूनच. दातांचं उलट होतं. देवमासाही मांस खात होता आणि मेसोनिकिडही, त्यामुळे दात सारखे होण्याला आजचं कारण हजर होतं.

आणि भिस्त एकट्या घोट्यावर नाही. डीएनएचा पुरावा स्वतंत्र आहे. तो कुणी जाणकाराने समजावून सांगितला तर बरं.

रेणूपेशी

मी सांगते, माझं रोजचं काम याच्या आसपासचं आहे.

आपल्या जनुकसंचात काही छोटे तुकडे असतात जे स्वतःची नक्कल काढतात आणि ती नक्कल कुठेतरी जाऊन घुसते. कुठे घुसेल याचा नेम नसतो. एकदा घुसली की सहसा निघत नाही आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांत तशीच जाते. तोक्योच्या नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने १९९७ आणि १९९९ मध्ये असे तुकडे देवमासा, पाणघोडा, गाय, डुक्कर, उंट वगैरेंच्या डीएनएमध्ये शोधले. काही तुकडे देवमासा आणि पाणघोडा या दोघांतच, अगदी त्याच जागी होते. गाईत ती जागा रिकामी, डुकरात रिकामी.

परीक्षेत दोन मुलांचं बरोबर उत्तर सारखं आलं तर त्यातून काही सिद्ध होत नाही. पण दोघांनी एकाच प्रश्नाला एकच येडपट उत्तर लिहिलं, तेही एकाच शब्दावर खाडाखोड करून, तर पर्यवेक्षकाला आणखी काय हवं? हे तुकडे म्हणजे ती खाडाखोड. त्यांचा पोहण्याशी, खाण्याशी काही संबंध नाही, म्हणूनच त्यांची साक्ष पक्की.

एक_शंका

@रेणूपेशी, हे पटलं. पण मग देवमासा पाणघोड्यापासून झाला असं म्हणायचं का? देवमाशाचे जीवाश्म पाच कोटी वर्षांचे, पाणघोडे तर एवढे जुने नाहीत.

रेणूपेशी

नाही हो. चुलतभाऊ आजोबा नसतो. दोघांचा पूर्वज एक, साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो ना देवमाशासारखा दिसत होता ना पाणघोड्यासारखा. पाणघोड्याच्या बाजूला मधली बरीच वर्षं अँथ्राकोथेअर नावाचे प्राणी भरून काढतात. केनियातल्या २.८ कोटी वर्षं जुन्या अशाच एका प्राण्याचं वर्णन २०१५ मध्ये आलं, त्याचे दात पाणघोड्याकडे झुकलेले आहेत. जाता जाता, पाणघोडा पूर्वी भारतातही होता. नर्मदेच्या खोऱ्यात त्याचे जीवाश्म मिळतात.

झणझणीत

म्हणजे देवमासा हा गाई-डुकराच्या गोतातला. आता खाणाऱ्यांनी आणि न खाणाऱ्यांनी आपापलं बघून घ्या 😀

बरं, ती दोन्ही टोकांची कप्पी बघायला म्युझियममध्ये जायची गरज नाही. खाटकाकडे बोकडाचा मागचा पाय घोट्याच्या वरून तोडून मागा. पायाचा रस्सा कुकरला लावला की हाडं सुटी होतात. त्यातलं अंगठ्याच्या पेराएवढं एक हाड निघतं, चार बाजूंनी चार तऱ्हा. दोन्ही टोकांना मधोमध खाच आणि दोन बाजूंना गोल उंचवटे. वरच्या खाचेत नडगीचं हाड फिरतं, खालच्या टोकावर पाऊल. मी काल काढून, घासून, टेबलावर ठेवलंय. बायको म्हणते हे फेक. मंगोलियात म्हणे याच हाडाने पोरं खेळतात.

कातळसडा

@झणझणीत, दंडवत! हाड फेकू नका.

आता कच्छ-जम्मू. पाच कोटी वर्षांपूर्वी भारताचा तुकडा आशियाला येऊन भिडत होता आणि मधला टेथिस समुद्र आक्रसत होता. उथळ, गरम पाणी, खाड्या, दलदल. देवमाशांची सुरुवात याच किनाऱ्यांवर झाली. सगळ्यात जुने, पाय असलेले देवमासे भारत-पाकिस्तानबाहेर सापडत नाहीत. पाकिसीटसचं वर्णन १९८१ मध्ये झालं, पाय असलेला आणि पोहणारा ॲम्ब्युलोसीटस १९९४ मध्ये. कच्छात त्याआधीच अशोक सहानी आणि विजय प्रकाश मिश्र यांनी १९७० च्या दशकात देवमाशांचे जीवाश्म शोधले होते. पुढे सुनील बाजपेयी आणि थेविसन यांनी २००० मध्ये कच्छच्याच नावाचा कचिसीटस मांडला. लांब निमुळतं तोंड, आखूड पाय, जाड शेपूट. वरून बघितलं तर पाणमांजर आणि सुसरीच्या मधलं काहीतरी वाटावं.

पण माझं आवडतं पात्र इंडोहायस. ए. रंगा राव या भूवैज्ञानिकाने जम्मूतल्या कालाकोट परिसरातून दगड गोळा केले आणि १९७१ मध्ये या प्राण्याला नाव दिलं. तेव्हा हाती होते थोडे दात आणि जबड्याचे तुकडे. राव वारले. दगड फोडायचे राहिले ते राहिलेच. त्यांच्या पत्नीने ते जपून ठेवले आणि पुढे थेविसनच्या हवाली केले. प्रयोगशाळेत एक कवटी साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून कानाजवळचं हाड मोडलं, आणि मोडलं म्हणूनच आतली बाजू दिसली. कानाच्या हाडाची आतली भिंत जाडजूड होती. अशी भिंत तोवर फक्त देवमाशांत माहीत होती.

डिसेंबर २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. इंडोहायस म्हणजे मांजराएवढा, बारीक पायांचा, खूर असलेला, शाकाहारी प्राणी, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा. कुणीही बघून हरणाचं पिल्लू म्हणेल. कान मात्र देवमाशाचा. पायाची हाडं आतून भरीव, पाण्याच्या तळाशी चालणाऱ्यांना वजन लागतं तशी. ज्या कुळात तो मोडतो त्याचं नाव राओएलिड, रावांवरूनच.

मला वाटतं, एवढं मोठं कोडं घरात जपून ठेवलेल्या दगडांमुळे सुटलं याचं श्रेय त्या बाईंना मिळायला हवं तेवढं मिळत नाही.

सह्यमित्रा

इंडोहायसचं वाचून आपलं पिसोरी आठवलं. सशाहून थोडं मोठं, ठिपक्यांचं, बिनशिंगाचं हरीण, सह्याद्रीच्या दाट रानात दबकून राहणारं. त्याचा आफ्रिकेतला चुलतभाऊ गरुड दिसला की सरळ ओढ्यात बुडी मारतो आणि पाण्याखालून चालत जातो. २००७ च्या त्या कामातही हीच तुलना केली होती ना? आधी लपायला पाण्यात, मग खायला पाण्यात.

कातळसडा

हो, तीच. पिसोरी देवमाशाचं जवळचं नातलग नाही, पण हरणासारखा प्राणी पाण्यात कशाला उतरेल, या प्रश्नाला ते जिवंत उत्तर आहे.

मिशिगनकर

आमच्या इथे ॲन आर्बरला विद्यापीठाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात बॅसिलोसॉरस आणि डोरुडॉन या नामशेष देवमाशांचे सांगाडे छताला टांगलेले आहेत. गिंगरिच याच विद्यापीठातले. बॅसिलोसॉरस पंधरा-सोळा मीटर लांब, आणि मागे शेपटीच्या अलीकडे दोन बारके पाय. गुडघा आहे, घोटा आहे, बोटं आहेत. एवढ्या धुडाला त्या पायांवर उभं राहणं अशक्य. माझी मुलगी म्हणाली, “बाबा, हे चिकटवलेत का?” इजिप्तच्या वाळवंटातल्या वादी अल-हितानमध्ये असे शेकडो सांगाडे पडलेत. त्या मागच्या पायांचं वर्णन १९९० मध्ये आलं.

आणि त्याच्याखाली उभं राहिल्यावर कण्याकडे बघा. मासा शेपूट डावी-उजवीकडे मारतो, देवमासा वर-खाली. चौखूर उधळणाऱ्या घोड्याचा किंवा कुत्र्याचा कणा जसा वर-खाली वाकतो, तीच हालचाल. पाय गेले, पळायची लकब राहिली.

बोरीबंदर

देवमासा आणि समुद्रगाय हे एकाच घरातले का? दोन्ही सस्तन, दोन्ही पाण्यात, दोघांनाही मागचे पाय नाहीत, दोघांना आडवी शेपूट.

रेणूपेशी

अजिबात नाही. समुद्रगाय हत्तीच्या गोतातली. हत्ती, समुद्रगाय आणि आफ्रिकेतल्या खडकांत राहणारा, घुशीसारखा दिसणारा हायरॅक्स, हे एक घराणं. हायरॅक्सला बघून हत्ती आठवणारा माणूस मला अजून भेटायचाय. गंमत म्हणजे कच्छच्या त्याच काळातल्या खडकांत समुद्रगायींच्या पूर्वजांचेही जीवाश्म आहेत. दोन वेगळी घराणी, एकाच किनाऱ्यावरून, आपापल्या कारणाने पाण्यात उतरली.

@एक_शंका यांच्या मूळ आक्षेपाला धरून अजून एक. देवमासा आणि पाणघोडा दोघांच्याही अंगावर केस नाहीतच जवळपास, तेलाच्या ग्रंथी नाहीत, दोघांची पिल्लं पाण्याखाली दूध पितात. नातं सिद्ध झाल्यावर लोक म्हणू लागले, बघा, पूर्वजच पाणबुड्या असणार. २०२१ मध्ये त्वचेची जनुकं तपासली तर ती दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या प्रकारे बिघडलेली निघाली. म्हणजे नातं खरं, पण नात्याचा पुरावा म्हणून जी सारखी कातडी दाखवली जायची ती ज्याने त्याने स्वतंत्रपणे कमावलेली.

एक_शंका

हे झकास आहे. नातेवाईकांतलं साम्यसुद्धा नात्यामुळेच असेल असं नाही!

ऐरोलीचा_बगळा

पक्ष्यांबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून मी. ठाणे खाडीत रोहित पक्षी येतात तेव्हा आमच्याकडे मोबाईल उंचावून गर्दी असते. उंच गुलाबी पाय, वाकडी चोच. आधी त्यांना कुणी बगळ्या-करकोच्यांत टाकायचं, कुणी बदकांत. २००१ पासून डीएनए सांगतंय, रोहिताचं सगळ्यात जवळचं नातलग म्हणजे टिबुकली. हो, तीच, गावतळ्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी, मूठभर, मळकट तपकिरी.

आधी कुणाचा विश्वास बसेना. मग जुने पुरावे पुन्हा काढले गेले. दोघांच्या अंड्यांवर खडूसारखा पांढरा थर. दोघांत फीतकृमींचं एक असं घराणं, जे इतर पक्ष्यांत जवळपास नाहीच. पॅलेलोडस नावाचा नामशेष पक्षीही आहे, लांब पायांचा, पण पोहायला सोयीचा. भिगवणला उजनीच्या पाण्यावर दोघे एकाच दुर्बिणीत सापडतात. लोक टिबुकलीकडे बघतही नाहीत.

आणि ससाणा. गरुड, घार, शिक्रा यांच्यात आपण त्याला बसवतो. २००८ च्या मोठ्या अभ्यासात तो पोपट आणि चिमणीवर्गीय पक्ष्यांच्या शेजारी जाऊन बसला, आणि नंतरच्या अभ्यासांनीही त्याला तिथून उठवलं नाही. वाकडी चोच आणि नख्या, पुन्हा धंदाच.

झणझणीत

पोपट आणि ससाणा?? ज्योतिष्याच्या पिंजऱ्यात ससाणा ठेवून बघायला पाहिजे.

कोळंबी आणि झुरळ एकच असं कुणीतरी म्हणत होतं. खरंय का? रविवार तोंडावर आलाय.

रेणूपेशी

एकच नाही, पण कोळ्यापेक्षा नक्की जवळचे. कीटक हे कवचधारींच्याच झाडाची एक फांदी आहेत. कवचधारी म्हणजे खेकडा, कोळंबी वगैरे. त्यांच्यातही कोळंबी कीटकांना सगळ्यात जवळची नाही, त्यामुळे रविवार करा बिनधास्त. वाळवीचं मात्र ऐका. वाळवी म्हणजे झुरळच. मुंगीशी तिचा संबंध नाही. लाकूड खाणाऱ्या, कुटुंब करून राहणाऱ्या झुरळांतूनच ती निघाली. २००७ पासून बऱ्याच शास्त्रज्ञांनी तिचा वेगळा गण मोडीत काढून तिला झुरळांत टाकलंय.

निवांत_पाटील

आमच्या दाराची चौकट झुरळांनी खाल्ली हे कळून बरं वाटलं नाही.

आंबोली_धुकं

उशिरा आलो. आमच्या भागात पावसाळ्यात देवगांडूळ निघतं. हातभर, जांभळट-करडं, अंगावर वळी. लोक साप समजून ठेचतात, नाहीतर गांडूळ म्हणून सोडून देतात. ते बेडकाच्या गोतातलं उभयचर आहे. तोंडात दात असतात, कणा असतो, डोळे कातडीखाली अंधूक दिसतात. आंबोलीची एक जात २००३ मध्ये नव्याने नोंदली गेली. यांच्या कुळातले जवळचे भाऊबंद कुठे असावेत? हिंदी महासागरात, सेशेल्स बेटांवर. केरळात त्याच वर्षी नोंदलेल्या जांभळ्या बेडकाचंही तसंच, जवळचे नातलग सेशेल्समध्ये. खाऱ्या पाण्यात ही मंडळी तग धरत नाहीत, मग पोहून कशी जातील? ती जागची हलली नाहीत, जमीनच दुभंगली. भारत आणि सेशेल्स एकाच भूखंडाचे तुकडे होते, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास वेगळे झाले.

सह्यमित्रा

@आंबोली_धुकं, साप आणि देवगांडूळ पटकन ओळखायचं कसं? आमच्या बागेत काम करणारे मामा दिसलं की फावडंच उचलतात.

आंबोली_धुकं

खवले बघा. सापाच्या अंगावर खवले स्पष्ट दिसतात आणि अंग कोरडं असतं. देवगांडुळाचं अंग ओलं, गुळगुळीत, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत अंगठ्यांसारखी वळी. सापासारखी दुभंगलेली जीभ बाहेर काढत नाही. गांडुळाशी गल्लत होत असेल तर तोंड बघा, देवगांडुळाला जबडा असतो. मामांना सांगा, ते माती भुसभुशीत ठेवतं आणि किडे, वाळवी, गांडुळं खातं. हात लावायचाच असेल तर ओल्या हाताने, आणि पालापाचोळ्यात परत सोडा.